फूल की दोन पानं : गोव्याचा कौल आणि आपला

(तुळजापूर येथील जिल्हा मेळाव्यात सकाळच्या सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज दुपारी जेवणानंतर आपल्याला हात वर करायचे आहेत. बाजार समितीची निवडणूक संघटनेनं लढवायची की नाही, हा प्रश्न गेले चार महिने गावोगाव चघळून झाला आहे. लढवा म्हणणारे आहेत, लढवू नका म्हणणारे आहेत, आणि दोघंही एकमेकांना विकला गेलेला म्हणायला लागले आहेत. मी कोणत्या बाजूचा हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर बोलत नाही. मला बोलायचं आहे ते संध्याकाळवर. मोजणी झाल्यावर, परत जाताना एकाच जीपमध्ये जिंकलेले आणि हरलेले बसतील तेव्हा काय होईल, त्यावर. किंवा एका जीपमध्ये बसतच नाहीत, असं झालं तर काय, त्यावर.

त्यासाठी तुम्हाला जरा लांब, गोव्याला नेतो. गोवा म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना दुसरंच काही आठवतं, ते बाजूला ठेवा.

स्वतंत्र भारतात एका प्रदेशानं कुठं राहायचं हे लोकांनाच मत टाकून ठरवू दिलं, असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. आपल्याला कुणी विचारलं? निजामाच्या राज्यातून आपण १७ सप्टेंबर १९४८ ला सुटलो, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. सगळं आपल्या मनासारखंच झालं म्हणा, पण चिठ्ठी हातात देऊन कुणी विचारलं नाही. अगदी परवा, २०२३ मध्ये, उस्मानाबादचं धाराशिव झालं तेव्हाही मत नव्हतंच, हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. गोव्याला मात्र विचारलं. १६ जानेवारी १९६७ ला.

गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यातून सुटला १९ डिसेंबर १९६१ ला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष निवडून आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. पक्षाच्या नावातच महाराष्ट्र. त्यांचं म्हणणं सरळ होतं : गोवा महाराष्ट्रात विलीन करा. त्यांच्यामागे कोण होतं हे आपल्यासारख्यांनी नीट पाहावं. कुळं होती, भाटकाराच्या जमिनीत झोपडी बांधून राहणारे मुंडकार होते, बहुजन समाज होता. १९६४ मध्ये त्यांच्या सरकारनं कूळ कायदा केला. कुळाला वाटत होतं की महाराष्ट्रात गेलो तर भाटकाराचा जोर कायमचा मोडेल. मराठी त्यांच्या भजनात होती, शाळेत होती.

समोर होता युनायटेड गोवन्स पक्ष, नेते डॉ. जॅक सिक्वेरा. त्यांचं म्हणणं, आमची भाषा कोंकणी, आमची रीत वेगळी, मोठ्या राज्यात गेलो तर आम्ही कोपऱ्यातला एक जिल्हा होऊन बसू. विधानसभेत बहुमत आहे म्हणून ठराव करून मोकळं होता येणार नाही, माणसांनाच विचारा, हा त्यांचा हट्ट. आणि तो हट्ट दिल्लीनं मानला. १९६६ च्या अखेरीस संसदेनं त्यासाठी कायदा केला. विलीनीकरण हवं त्यानं फुलावर शिक्का मारायचा, केंद्रशासित राहायचं त्यानं दोन पानांवर. मुंबईत आणि परदेशात असलेल्या गोवेकरांनाही मत द्या अशी मागणी झाली होती, ती फेटाळली गेली. जो तिथं राहतो त्याचंच मत.

आणखी एक गोष्ट झाली, ती ऐकून ठेवा. मतदान निर्मळ व्हायचं तर सरकार विलीनीकरणवाल्यांचं असून चालणार नाही, असा आग्रह होता. बांदोडकरांनी ३ डिसेंबर १९६६ ला राजीनामा दिला. बहुमत हातात असलेला माणूस खुर्ची सोडून साध्या कार्यकर्त्यासारखा प्रचाराला निघाला. आपल्याकडे सोसायटीचा चेअरमन लेखापरीक्षणापुरतीसुद्धा चावी सोडत नाही.

आता निकाल. यादीवर मतदार होते ३,८८,४३२. मत टाकलं ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे शंभरातल्या जवळपास ब्याऐंशींनी. दोन पानांना १,७२,१९१. फुलाला १,३८,१७०. बाद ७,२७२. फरक ३४,०२१ चा.

या आकड्यांकडे मी शेतात बघतो तसं बघतो. चौतीस हजारांचा फरक म्हणजे सतरा हजार अकरा माणसं इकडची तिकडे गेली असती तर गोवा आज महाराष्ट्रात असता. हा काही एकतर्फी निकाल नव्हता. चांगल्या मतांच्या शंभरात पंचावन्न एकीकडे आणि पंचेचाळीस दुसरीकडे. पेडण्यासारख्या भागात फूल चाललं, सासष्टीत पानांचा ढीग पडला. एकाच गोव्यात दोन गोवे दिसले त्या दिवशी.

निकाल आला तेव्हा पणजी-मडगावात लोक रस्त्यावर आले, जल्लोष झाला. दुसऱ्या बाजूला सुतक. आणि महाराष्ट्रात? आपल्याकडच्या लोकांना धक्काच बसला. १०५ हुतात्म्यांचं रक्त सांडून मुंबई मिळवलेली पिढी होती ती. मराठी माणूस मराठी राज्याला नको म्हणेल हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. मग कारणं काढायला सुरुवात झाली. पाद्र्यांनी फिरवलं, भाटकारांनी दाबलं, पैसा चालला. हरलेल्याला ही कारणं लगेच सापडतात, आणि त्यात एखादं खरंही असतं. पण सरळ हिशेब करून बघा. सिक्वेरांच्या मागे मुख्यतः ख्रिस्ती मतदार होता, आणि गोव्यात हिंदू जास्त. नुसतं जातीधर्मावर मत पडलं असतं तर फूल सहज निवडून आलं असतं. याचा अर्थ पुष्कळ हिंदूंनी पानांवर शिक्का मारला, त्यात काही तर १९६३ ला बांदोडकरांना मत दिलेले होते. का मारला, हे विचारायला हवं होतं.

मी कृषी पदवी परभणीला केली. पुढे एका प्रशिक्षणासाठी दापोलीला काही आठवडे होतो. तिथं खोलीत पेडण्याकडचा एक जण होता. त्याच्या घरची गोष्ट त्यानं सांगितली. बाप फुलाचा, सख्खा चुलता पानांचा. बाप कूळ. चुलता लग्नानंतर सासुरवाडीकडे, म्हापशाजवळ राहिलेला, माडावर चढून माडी काढायचा धंदा. बाप चुलत्याला म्हणाला, तू समाजाचा घात केलास. चुलता म्हणाला, दादा, महाराष्ट्रात दारूबंदी आहे, विलीन झालो तर मी उद्या कोयती कशावर चालवू? तुला जमीन मिळेल, माझा माड जाईल.

मंडळी, ही अडाणी भीती नव्हती. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदीचा कायदा होता, आणि विलीनीकरणाविरुद्धच्या प्रचारात हा मुद्दा जोरात होता. तसंच नोकऱ्यांचं. बांदोडकरांच्या काळात महाराष्ट्रातून उसनवारीवर अधिकारी आणले होते, त्यामुळे गोव्याचा शिकलेला पोरगा नाराज होता. विलीन झाल्यावर तर सगळ्या खुर्च्या घाटावरच्यांना जातील, असं त्याला वाटत होतं. आणि हा प्रचार कोणत्या भाषेत झाला? मडगावच्या 'राष्ट्रमत' या दैनिकात. ते मराठी दैनिक होतं! चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्यातच येई. मराठी वाचणाऱ्या माणसाला मराठीतूनच सांगितलं की मराठी वाच, पण महाराष्ट्रात जाऊ नकोस. आपल्या पुढाऱ्यांना वाटत होतं की भाषा एक म्हणजे मत एक. माडीवाल्याच्या माडाचं काय, हे बोलण्यात यायला फार उशीर झाला.

त्या दोघा भावांनी चार वर्षं एकमेकांच्या अंगणात पाय ठेवला नाही. माझ्या मित्राची आजी गेली तेव्हा खांदा द्यायला दोघं एकत्र आले, असं तो म्हणाला.

आता पुढची गोष्ट, जी मला फार मोलाची वाटते. निकाल लागला जानेवारीत. २८ मार्च १९६७ ला, म्हणजे मतदानानंतर अवघ्या एकाहत्तर दिवसांनी, विधानसभेची निवडणूक झाली. हरलेले बांदोडकर पुन्हा लोकांपुढे गेले. मराठी माणसाचा अपमान झाला, असं म्हणून घरी बसले नाहीत. आणि त्याच मतदारानं तीस जागांपैकी सोळा त्यांच्या पक्षाला दिल्या, बारा सिक्वेरांच्या पक्षाला. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री, ते १९७३ मध्ये मरेपर्यंत. जानेवारीत ज्यांनी त्यांचा प्रश्न नाकारला, त्यांतल्या कितीकांनी मार्चमध्ये त्यांच्या माणसांना निवडून दिलं. मतदारानं स्वच्छ सांगितलं : तुमचं विलीनीकरण नको, तुमचा कारभार हवा. आणि कुळांचं काम थांबलं नाही. त्यांच्यानंतर, त्यांची मुलगी शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, १९७६ मध्ये कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसणाऱ्या कुळाला मालकी देण्याची तरतूद झाली. जी गोष्ट मिळावी म्हणून पेडण्याच्या कुळानं फुलावर शिक्का मारला होता, ती फूल हरून मिळाली.

सगळं गोड झालं असं नाही. भाषेचा वाद खदखदत राहिला. १९८६ च्या अखेरीला गोव्यात कोंकणीसाठी आंदोलन पेटलं, माणसं मेली. फेब्रुवारी १९८७ मध्ये देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा दिली, आणि ३० मे १९८७ ला गोवा स्वतंत्र राज्य झालं. मराठीला तिथं अजूनही राजभाषा करा म्हणणारे आहेत. जनमतानं प्रश्न मिटत नाही, एवढंच होतं की त्याचा एक पाय रोवला जातो.

जगातलं ताजं उदाहरण म्हणजे इंग्लंड. २३ जून २०१६ ला त्यांनी युरोपच्या संघातून बाहेर पडायचं की नाही यावर मत घेतलं. शंभरात बावन्न बाहेर पडा म्हणाले, अठ्ठेचाळीस राहा म्हणाले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. मतदान पुन्हा घ्या म्हणून चाळीस लाखांवर लोकांनी अर्ज केला. तिथला शेतकरीही दुभंगला होता, कारण युरोपकडून एकरामागे थेट पैसा मिळत होता. बाहेर पडल्यावर इंग्लंडात तो पैसा टप्प्याटप्प्यानं कमी करत नेला. कॅमेरून मत पडल्यावर गेले, बांदोडकर मत पडण्याआधी गेले. मला दुसऱ्याचं धाडस जास्त वाटतं. हे माझं मत, कुणाला पटेल न पटेल.

आता घराजवळ येतो. इथं बोलायला जीभ जड होते.

आपल्याच मराठवाड्यात २७ जुलै १९७८ ला काय झालं ते इथल्या म्हाताऱ्यांना आठवतं. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचं. कायदेशीर ठराव, लोकांनी निवडलेल्या सभागृहाचा. तो ज्यांना पटला नाही त्यांनी काय केलं? मुंबईला जाऊन सभागृहाला जाब विचारला का? गावातली दलित वस्ती जाळली. ज्याच्या हातात ठराव करणं नव्हतं, मोडणंही नव्हतं, त्याच्या घराला काडी लावली. शेतात मजुरीला येणारा तोच, सुगीत कणसं खुडणारी तीच बाई. सोळा वर्षं तो प्रश्न भिजत पडला आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. मी तेव्हा शाळेत होतो. मास्तर फळ्यावर विद्यापीठाचं नवं नाव लिहीत होते आणि वर्गातली अर्धी पोरं खाली बघत होती, एवढं आठवतं. गोव्यातल्या हरलेल्यांशी आपली तुलना करायची तर लाज वाटते. ती वाटली पाहिजे.

हरलेल्यांचं झालं. आता जिंकलेल्याचं सांगतो, तो मी आहे.

२०१५ चा पावसाळा कोरडा गेला, हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या गावच्या तलावात दिवाळीला गुडघाभर पाणी उरलं. आम्ही ग्रामसभेत ठराव मांडला, तलावावरच्या सगळ्या मोटारी आजपासून बंद, पाणी प्यायला आणि जनावरांना. ऊसवाले विरुद्ध उभे राहिले. हात मोजले. एकशे अठ्ठेचाळीस आमचे, एकशे पस्तीस त्यांचे. तेरा हातांनी आम्ही जिंकलो. मी कृषी पदवीधर, पाण्याचा हिशेब मांडणारा, मीच पुढे. आणि त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात वारं गेलं. गुलाल आणला, हलगी लावली, आणि मिरवणूक मुद्दाम ऊसवाल्यांच्या गल्लीतून नेली. त्यांच्या दारात फटाके लावले. पिण्याच्या पाण्याचा ठराव आणि गुलाल! आज आठवलं तरी कान गरम होतात.

पुढच्या आठवड्यात रात्री मोटारी चालू झाल्या. आधी दोन, मग सहा. ज्यांनी ठरावाच्या बाजूनं हात वर केला होता त्यांतलेही दोघे म्हणाले, ते ओढतायत तर आम्ही का मरायचं? रब्बीची ज्वारी काढायला दरवर्षी गावात सावड चालायची, त्या साली सावड मोडली. रोजानं माणसं लावून ज्वारी काढली, त्या भावात परवडतं का ते तुम्ही जाणता. जानेवारीच्या अखेरीस तलावाच्या तळाला भेगा पडल्या. नंतर पावसाळ्यापर्यंत टँकर. ठराव आमचा जिंकला आणि पाणी सगळ्यांचं गेलं.

नंतर कळलेली गोष्ट जास्त टोचते. विरोधातल्या एकशे पस्तीसमध्ये ऊसवाले चाळीससुद्धा नव्हते. बाकीचे कोण? वीस-तीस गुंठ्यांत मेथी-कोथिंबीर करून आठवडी बाजाराला नेणारे. एक विधवा बाई तर तलावाच्या काठच्या अर्ध्या एकरात वांगी लावून दोन पोरांची फी भरत होती. तिच्याजवळ मोटारही नव्हती, शेजारच्या ऊसवाल्याच्या पाइपातून ती पाणी घ्यायची. तिनं त्याच्या बाजूनं हात वर केला नसता तर काय केलं असतं? आम्ही तिला ऊसवाल्यांच्या खिशातली म्हणालो. तिच्या अर्ध्या एकराला तलावाच्या पाण्यातला चौथा-पाचवा हिस्सा पुरला असता, असंही म्हणत नाही, त्याच्या शतांशातही भागलं असतं. ठरावात एक ओळ घालायची होती. तिला विचारायला कुणी गेलंच नाही. म्हापशाच्या त्या माडीवाल्याची गोष्ट मी दापोलीत ऐकून आलो होतो, तरी गेलो नाही.

म्हणून आज दुपारसाठी माझ्या तीन-चार मागण्या आहेत, अध्यक्षांनी त्या मतदानाआधी सभेपुढे ठेवाव्यात.

निवडणूक लढवू नका म्हणणाऱ्यांत बरेच जण असे आहेत की ज्यांचा माल आडत्याकडे उचलीवर बांधलेला आहे. पेरणीला बी-खताला पैसा त्यानंच दिला, कापूस आणि सोयाबीन त्याच्याच काट्यावर जाणार. बाजार समितीत आडत्याविरुद्ध पॅनेल उभं केलं तर पहिली झळ त्यांना. त्यांना भेकड म्हणू नका. लढवा म्हणणाऱ्यांनी आधी उभं राहून सांगावं की निवडणुकीच्या साली या लोकांची उचल बंद झाली तर काय सोय करणार. सोय नसेल तर नाही म्हणून सांगावं. आणि लढवू नका म्हणणाऱ्यांनी सांगावं, लढायचं नाही तर काट्यातली मार आणि कडता कसा थांबवणार. दोन्ही उत्तरं ऐकल्याशिवाय हात वर करू नका.

हात नकोच खरं तर. चिठ्ठी घ्या. माझ्या गावात हात मोजले, म्हणून कोण कुठं हे सगळ्यांनी पाहिलं, आणि त्या बाईला पुढं वर्षभर दोन्हीकडून ऐकावं लागलं. मायबहिणी इथं आहेत, त्यांच्यातली किती जणी नवऱ्यासमोर वेगळा हात वर करतील? चिठ्ठीवर फूल आणि पान काढा म्हणालात तरी चालेल.

मोजायला दोन्ही बाजूंची दोन-दोन माणसं बसवा. फरक दहा-वीस चिठ्ठ्यांचा असेल तर तोही आकडा मोठ्यानं वाचा, लपवू नका. नुसतं बहुमतानं मंजूर असं इतिवृत्तात लिहायचं नाही, किती विरुद्ध किती ते लिहायचं.

जी बाजू जिंकेल तिनं समितीत हरलेल्या बाजूची दोन माणसं घ्यावीत. लढवायचं ठरलं तर उचलीचा प्रश्न त्यांच्याकडे द्यावा, नाही ठरलं तर काट्यावर देखरेख करणाऱ्या पथकात लढवा म्हणणाऱ्यांना पुढं करावं. माझी बाजू हरली तर मी काट्यावर उभा राहायला तयार आहे, हे आत्ताच लिहून घ्या.

आणि बाहेर हलगीवाल्याला कुणीतरी आणून बसवलेलं मी येताना पाहिलं. कुणी आणलंय ते मी विचारत नाही. त्याला जेवू घाला, त्याचा रोज द्या, आणि मतदान सुरू व्हायच्या आत घरी पाठवा.